वहीत जून कुठे आहे?

धनकवडीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. मोठं होतं, थोडं आवरून देते.

"ताई, आम्ही भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. मी, मिस्टर, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. मिस्टर भोसरीला कंपनीत आहेत, हातात ४६,००० येतात. मी घरून चौदा डबे देते, खर्च जाऊन ११,००० सुटतात. मधल्या काळात मिस्टरांचं काम गेलं होतं, तेव्हा कर्ज वाढत गेलं. मार्चमध्ये बँकेच्या समुपदेशन केंद्रात गेलो. तिथल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी आमच्यासोबत बसून परतफेडीचा आराखडा करून दिला. पर्सनल लोनचे ३,२०,००० बाकी आहेत, १४ टक्क्यांनी, हप्ता ११,४००. एका क्रेडिट कार्डाचे १,३५,००० बँकेनं चोवीस हप्त्यांत बांधून दिले, दरमहा ६,७४०. दुसऱ्या कार्डाला महिना ३,१०० भरतो. मावसभावाचे ६०,००० हातउसने, त्याला ३,०००. आराखड्याप्रमाणे सगळं बसत होतं. तरी दर महिन्याला वीस-बावीस तारखेला हात रिकामा. दुसरं कार्ड मार्चमध्ये ३७,००० होतं, आज ६२,००० आहे. आम्ही हॉटेलात जात नाही, कपडे घेतले नाहीत. मिस्टर म्हणतात, हा आराखडा आपल्याला झेपणारा नाही, सोडून देऊ. फोनवर एकजण सांगतोय, हप्ते बंद करा, आमच्याकडे महिना ८,००० भरा, निम्मं कर्ज माफ करून देतो. माझ्या आईच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या आहेत, त्या मोडू का? सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. श्रावण तोंडावर आलाय, गौरी-गणपती कसे करायचे याचीच धास्ती आहे."

नमस्कार,

तुम्ही पत्रासोबत घरखर्चाच्या वहीच्या चार पानांचे फोटो पाठवलेत, ते फार बरं केलंत. मी ती पानं दोन संध्याकाळी घेऊन बसले होते. आधी एक सांगते: तुमच्या हातून उधळपट्टी झालेली नाही. चौघांच्या घरात किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून १०,५०० मध्ये भागवणं पुण्यात आज सोपं नाही. त्यात आणखी काटछाट करा असं मी म्हणणार नाही. भाजी मंडईतून आणा, मार्केट यार्डातून आणा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तुमच्या वहीतले आकडे पुन्हा मांडते. ५७,००० आले. चार हप्ते मिळून २४,२४० गेले. भाडं १३,०००. उरले १९,७६०. घरचं खाणंपिणं १०,५००, वीज आणि मोबाइल २,१००, पेट्रोल २,४००, सासूबाईंची औषधं १,८००, मुलाची शिकवणी १,८००. हे झाले १८,६००. म्हणजे दर महिन्याला १,१६० शिल्लक पडायला हवेत. केंद्रातल्या साहेबांच्या कागदावरही हाच हिशेब असणार आणि त्यात चूक काहीच नाही.

पण या वहीत जून कुठे आहे?

मुलाची फी २८,००० तुम्ही जूनमध्ये दुसऱ्या कार्डावर भरली. गणवेश, वह्यापुस्तकं, दप्तर मिळून ७,६००. नोव्हेंबरमध्ये आरोग्य विम्याचा हप्ता १४,४००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००. गौरी-गणपती ६,०००, दिवाळी ९,०००. वर्षभरातली लग्नं, मुंजी, बारशी, त्यांचे आहेर, धरा ५,०००. हे आकडे मी मनचे घातलेले नाहीत, तुमच्याच पत्रात इकडेतिकडे विखुरलेले आहेत, मी फक्त एका ओळीत आणले. बेरीज होते ७५,०००. बारानं भागा, महिन्याला ६,२५०. म्हणजे ज्या महिन्यात तुम्हाला १,१६० शिल्लक दिसतात, त्याच महिन्यात खरं तर ५,०९० ची तूट असते. ती तूट दर महिन्याला दिसत नाही. जूनला एकदम दिसते, आणि तेव्हा हाताशी कार्ड असतं.

माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या पत्रांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं. लोक दुधाच्या पिशवीपर्यंत हिशेब ठेवतात आणि विम्याचा हप्ता "तो काय, वर्षातून एकदाच असतो" म्हणून बाहेर ठेवतात. म्हणून मिस्टरांना सांगा, आराखडा सोडायचा नाही, दुरुस्त करायचा. हप्ते ठरवताना आधी वर्षाचे ७५,००० बाजूला काढायला हवे होते आणि उरलेल्यातून सावकारांना किती देता येतं ते पाहायला हवं होतं. आपल्याकडे असा आराखडा म्हणजे काही कोर्टाचा हुकूम नसतो. ज्यांचं देणं आहे त्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलून ठरवलेला तो समझोता असतो आणि परिस्थिती मांडून तो बदलून मागता येतो. त्याच केंद्रात परत जा. अग्रणी बँकांनी, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचं काम एकत्र बघायला नेमलेल्या बँकांनी, चालवलेल्या वित्तीय साक्षरता केंद्रांत हा सल्ला फुकट मिळतो, आणि पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे, म्हणजे माणसं इथलीच. जाताना मासिक वही नेऊ नका, बारा महिन्यांचा कागद न्या. एका पानावर बारा रकाने आखा, प्रत्येकात त्या महिन्याचा जादा खर्च लिहा. तो कागद समोर ठेवल्यावर बोलणंच वेगळं होतं.

आता ५,०९० आणायचे कुठून.

पहिलं पर्सनल लोन. ११,४०० च्या हिशेबानं तुमचे चौतीस-पस्तीस हप्ते राहिलेत. मुदत वाढवून अठ्ठेचाळीस महिने मागा. त्याच दरानं हप्ता साधारण ८,७५० वर येतो. महिन्याला २,६५० सुटतात. याची किंमतही सांगते: मुदत लांबल्यामुळे एकूण व्याज जवळजवळ ३०,००० नं वाढेल. मला स्वतःला मुदत वाढवणं आवडत नाही. पण तुम्ही आज ती तूट साडेतीन टक्के महिन्याच्या कार्डावर टाकताय, त्यापुढे हे ३०,००० परवडले. बँक हो म्हणेलच असं नाही. मात्र हप्ता चुकायच्या आधी लेखी अर्ज घेऊन आलेल्या माणसाचं ऐकून घेतात, तीन हप्ते थकल्यावर आलेल्याचं बोलणं वसुलीवाल्यांशी होतं. आणि पुढे हाती जादा पैसे आले तर मुदतीआधी भरता येतील का, त्याला काय आकार पडेल, हे त्याच बैठकीत विचारून घ्या.

दुसरा मावसभाऊ. त्याला ३,००० देता, ते एक वर्षभर १,५०० करून मागा. नातेवाईक बिनव्याजी देतात म्हणून त्यांचे पैसे शेवटी द्यायचे, हे मला पटत नाही. तुम्ही देताय ते योग्यच आहे. पण अर्धवट देऊन तोंड चुकवण्यापेक्षा आधी फोन करून "वर्षभर निम्मे देतो, जुलैपासून पुन्हा तीन" असं सांगणं केव्हाही बरं. हा फोन तुम्ही करू नका. मावसभाऊ त्यांचा आहे, मिस्टरांनीच करायला हवा.

तिसरे तुमचे डबे. एका डब्याला ७५ रुपये, आणि दोन वर्षांत दर वाढवलेला नाही असं तुम्ही लिहिलंय. या दोन वर्षांत तेलाचं काय झालं ते तुमच्याच वहीत आहे. पाच रुपये वाढवा. चौदा डबे, सव्वीस दिवस, महिन्याला १,८२० झाले. एखादा गिऱ्हाईक जाईल, या भीतीनं बायका वर्षानुवर्षं दर तेच ठेवतात. घरच्या चवीची पोळीभाजी रोज वेळेवर देणारी बाई डबा घेणाऱ्या मुलांना सहजी दुसरी मिळत नाही, हे लक्षात ठेवा. आणि डब्यांचा किराणा घरच्या किराण्यापासून वेगळा काढा. तुमच्या १२ तारखेच्या पानावर "कणीक १० किलो, तेल ५ लिटर" असं लिहिलंय. त्यातलं डब्याचं किती आणि घरचं किती? किराणा ठेवायचे डबे वेगळे, बिलं वेगळी केलीत तर ते ११,००० खरोखर सुटतात की घरचा किराणाच त्यात मदत करतोय, हे महिनाभरात कळेल.

तिन्ही मिळून ५,९७० च्या आसपास होतात. तूट भरून आठ-नऊशे उरतात. ते कर्जात जादा म्हणून घालायची घाई करू नका. वीस-पंचवीस हजार साठेपर्यंत अडीनडीला म्हणून वेगळे राहू द्या. दाढ दुखली, फ्रिज बिघडला की पुन्हा कार्डाकडे हात जातो, तो इथे थांबेल.

आता ते दुसरं कार्ड, तुमच्या घरातली खरी आग तिथे आहे. त्याचं जुलैचं स्टेटमेंट मी नीट पाहिलं. ६२,००० वर महिना साडेतीन टक्के म्हणजे २,१७० व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३९० च्या वर. झाले २,५६१. तुम्ही भरलेल्या ३,१०० मधून मुद्दलात गेले फक्त ५३९ रुपये. आजपासून कार्डाला हातही लावला नाहीत आणि दरमहा ३,१०० च भरत राहिलात, तर फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील. शिवाय आधीची बाकी असताना कार्डावर घेतलेल्या नव्या वस्तूला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. रिक्षाचे ऐंशी रुपये त्यावर दिलेत तरी त्याच दिवसापासून व्याज सुरू.

म्हणून पाटल्या. मोडू नका, गहाण ठेवा. दोन तोळ्यांवर बँक ६२,००० पेक्षा कितीतरी जास्त द्यायला तयार होईल, "मॅडम, लिमिट आहे, घेऊन टाका" म्हणतील. तुम्ही ६२,००० च घ्या. सोनेतारण कर्ज वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपास धरलं, तर महिन्याचं व्याज ६२० होतं, २,५६१ नाही. आत्ता भरताय तेच ३,१०० तिकडे भरत राहिलात तर तेवीस महिन्यांत पाटल्या घरी. पण एक अट आहे. या कर्जात बहुतेक ठिकाणी वर्षाअखेर एकदम भरायची सोय असते आणि मधे कोणी मागत नाही. तिथेच लोक फसतात, वर्ष सरतं आणि लिलावाची नोटीस येते. दरमहा हप्त्यानं फेडायची सोय देणारी बँक शोधा. नाही मिळाली तर तारीख ठरवून स्वतः शाखेत जाऊन व्याज आणि मुद्दल भरा, पावती घ्या, आणि वर्षानं उरलेल्या रकमेचं नूतनीकरण करा.

त्या पाटल्या तुमच्या आईच्या आहेत, तुमचं स्त्रीधन आहे. गहाण ठेवायच्या की नाही हे तुम्ही एकटीनं ठरवायचं. मी आकडे मांडले. मिस्टर म्हणाले म्हणून ठेवू नका आणि कोणी नको म्हटलं म्हणून थांबूही नका. नाहीच ठेवायच्या ठरल्या, तर हेही कार्ड हप्त्यांत बांधून मागा. अठरा महिन्यांना, महिना दीड टक्के दरानं हप्ता चार हजारांच्या थोडा आत बसेल. आत्तापेक्षा साडेआठशे जास्त, म्हणजे ती अडीनडीची शिल्लक त्यात जाईल. जमेल, पण ओढाताण होईल.

कार्ड फिटलं की त्याच दिवशी बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. "लाइफटाइम फ्री आहे, राहू द्या की" असं फोनवर गोड बोलतील. राहू देऊ नका.

फोनवरच्या त्या माणसाला एक पैसाही देऊ नका. तो काय करतो ते सांगते. तुमचे हप्ते बंद करायला लावतो, महिन्याचे ८,००० स्वतःकडे जमा करतो, त्यातून आपली फी काढतो आणि तुमचे हप्ते पुरेसे थकले की बँकेशी घासाघीस करायला जातो. तोपर्यंत वसुलीचे फोन तुम्हाला येतात, त्याला येत नाहीत. हप्त्याचा ऑटो डेबिट परत गेला तर चेक न वटण्यासारखीच कारवाई होऊ शकते, २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ त्यासाठीच आहे. आणि तडजोडीनं मिटलेलं खातं सिबिलच्या अहवालात "सेटल्ड" म्हणून दिसतं, "क्लोज्ड" म्हणून नाही. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला जाल तेव्हा तो शब्द आडवा येतो. ज्यांचं उत्पन्नच बुडालं आहे अशांना कधी तडजोडीशिवाय मार्ग नसतो, तेव्हाही ती थेट बँकेशी करावी आणि लेखी घ्यावी. तुमचं तसं नाही. दोघंही कमावताय आणि एक हप्ताही मुद्दाम चुकवलेला नाही.

दोन हप्ते परत गेले, ते मात्र वेगळ्याच कारणानं. पगार सातला होतो आणि पर्सनल लोनचा हप्ता पाचला कापला जातो! दोन्ही वेळा दोन्हीकडून दंड बसला, तेवढ्यात महिन्याचं दूध आलं असतं. मुदतवाढीच्या अर्जातच हप्त्याची तारीख दहा करून मागा. कार्डाच्या बिलाची तारीखही बदलून मिळते, तो कार्डधारकाचा हक्क आहे. आणि वर्षखर्चाचे ६,२५० ठेवायला जिथे एकही कर्ज नाही अशा बँकेत किंवा पोस्टात साधं बचत खातं उघडा. त्याला यूपीआय जोडू नका. कर्ज असलेल्याच बँकेत शिल्लक ठेवली, तर थकबाकीपोटी बँक ती वळती करून घेऊ शकते. ऑगस्ट ते नोव्हेंबर चार महिन्यांत त्या खात्यात २५,००० जमतील. गणपती, दिवाळी आणि विमा मिळून २९,४०० लागतील. फरक दिवाळीच्या बोनसातून भरा. पत्राच्या शेवटी तुम्ही १२,००० बोनसाचा उल्लेख केलाय, तो मी महिन्याच्या हिशेबात मुद्दाम धरला नव्हता. उरलेला बोनस तिथेच ठेवलात तर पुढच्या जूनची फी त्या खात्यातून जाईल.

वसुलीवाल्यांचा फोन कधी आलाच, तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी करायचा नसतो. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना सांगून बदनामी करता येत नाही. असं झालं तर तारीख-वेळ लिहून बँकेकडे तक्रार करा, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. गेल्या गौरींना दोन्ही नणंदांना साड्या घ्या असं त्या म्हणाल्या, आणि नाही म्हणण्याचं कारण सांगता येईना म्हणून तुम्ही लक्ष्मी रोडवर जाऊन ५,२०० च्या साड्या त्याच कार्डावर घेतल्या. लपवण्याला असा खर्च येतो. त्या बिचाऱ्या मागत होत्या ते चांगले दिवस चालू आहेत असं समजून. आमच्या घरीही ह्यांची नोकरी गेली तेव्हा सासऱ्यांना आम्ही आठ महिने काही कळू दिलं नव्हतं. ते दर रविवारी नातवाला सारसबागेत न्यायला रिक्षा बोलवायला सांगायचे, आणि मी मुकाट्यानं पैसे काढून द्यायचे. कळलं त्या रविवारी ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी चप्पल घालून नातवाला म्हणाले, "चल, बसनं जाऊ, खिडकी पकड." मला तेव्हा रडू आवरलं नाही.

सासूबाईंना मिस्टरांनी सांगावं, तुम्ही शेजारी बसा. आकड्यांचा भडिमार नको. कर्ज किती, कधी फिटणार आणि यंदा काय करायचं, एवढं पुरे. गणपती दीड दिवसाचा आहे, तो तसाच राहू दे. गौरींचं जेवण होऊ दे, पुरणपोळीला काही कर्ज काढावं लागत नाही. नणंदांची ओटी खणानारळानं भरा. सहा हजारांचं पाकीट सासूबाईंच्याच हाती द्या आणि गौरी-गणपती यातच बसवायचे म्हणून सांगा. त्यांनी याहून कमी पैशांत सण केलेले आहेत, त्यांना जमेल. सातवीतल्या मुलालाही थोडं सांगा. मोठ्यांची कुजबुज ऐकून मुलं वाईटच कल्पना करतात.

या आठवड्यात तीनच कामं करा. शनिवारी मावसभावाला फोन. रविवारी सासूबाईंशी बोलणं आणि बारा रकान्यांचा कागद. सोमवारी मिस्टरांनी अर्धा दिवस रजा टाकून दोघांनी शाखेत जायचं: पगाराच्या तीन स्लिपा, सहा महिन्यांचं पासबुक, कर्जाचं स्टेटमेंट आणि अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. गणपतीनंतर मला पुन्हा लिहा, बँक काय म्हणाली ते कळवा. नाही म्हणाली असेल तर पुढचं आपण बघू.

तुमची ताई